सर्वांत मंद कडी

बँकेतील नोकरीने एक गोष्ट पक्की शिकवली: कामाचा वेग सर्वांत मंद टेबलावर ठरतो. चाकूरला सुट्टीत आलेल्या नातवाच्या जुन्या ‘प्लेस्टेशन ३’ने त्याचा पुनःप्रत्यय दिला. संगणकातील सुमारे २० जीबीच्या घरगुती चित्रफिती त्यात घेऊन टीव्हीवर पाहायच्या होत्या; त्यांत माझ्या दिवंगत पत्नीचा आवाज आहे. नातू पहाटे निघणार होता आणि वायफायवरून फायली पुढे सरकत नव्हत्या.

या यंत्राच्या वायफायची कागदोपत्री कमाल गती सेकंदाला ५४ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे फार तर पावणेसात मेगाबाइट, आणि मध्ये भिंती असल्या की त्याहूनही कमी. केबलने जोडल्यास मात्र त्याच यंत्राची क्षमता १००० मेगाबिट. राउटर १००चा असेल, तर गतीही शंभरावरच अडते. आमचा राउटर १०००चा होता. नातवाने संगणक आणि प्लेस्टेशन दोन्ही त्याला केबलने जोडले. दिवेलागणीपूर्वी काम झाले आणि रात्री सर्वांनी तो आवाज ऐकला.

यंत्र जुने म्हणून टाकून देण्याआधी अडते कोठे ते पाहावे. पुष्कळदा खर्च एका केबलचाच असतो.