गुडगुडीची नळी

चिलीम सगळे पाहतात. नळीकडे कुणाचे लक्ष जात नाही. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांची गुडगुडी होती. खाली नारळाची करवंटी, वर मातीची चिलीम आणि दोहोंना जोडणारी वेळूची नळी. करवंटी बाजारात मिळे, चिलीम कुंभार देई; नळी मात्र आजोबा स्वतःच करीत.

वेळू जून हवा आणि सावलीत वाळलेला हवा. उन्हात घाईने वाळवलेला पुढे चिरतो. पेरांमधले पडदे तापलेल्या सळईने जाळायचे, पण एका दमात नव्हे. सळई कलली की भोक तिरपे जाते आणि आतल्या कंगोऱ्यावर काजळी धरते. मग नळी उजेडाकडे धरून पाहायचे. पलीकडे अख्खा गोल दिसला, तर नळी साधली. सांध्याला ओली चिंधी; तिथून वारा शिरला तर नुसता दम जातो. नळीचे टोक पाण्यात बुडलेच नाही तर गुडगुड होत नाही, आणि फार बुडले तर ओढताना छाती भरून येते. हे माप आजोबांच्या बोटांत होते.

नळीचा हा सोस जुनाच. विजापूरहून परतलेल्या असदबेगाने १६०४च्या सुमारास अकबरापुढे तंबाखू ठेवली, तेव्हा हुक्क्याच्या नळीचे वर्णन त्याने आवर्जून लिहून ठेवले: अचेची, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकारी. हा असदबेग पूर्वी अबुल फजलच्या पदरी होता, आणि अबुल फजल काही काळ जालन्यास राहिला होता असे गॅझेटियर सांगते. एवढ्यावरून आम्ही नळीचे नाते आमच्या जिल्ह्याशी जोडू पाहतो, ते अर्थातच हौसेखातर. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि हकिमाने त्यास थांबवले.

आजोबांना थांबवणारा हकीम नव्हता. पाण्यातून आलेला धूर निवळतो, अशी त्यांची खात्री. पाण्याने धूर गार होतो, विष उतरत नाही, हे आम्हांला कळले तेव्हा त्यांच्या छातीचा फोटो आमच्या हातात होता.

त्या हिवाळ्यात जुनी नळी चिरली. त्यांचे हात कापत, म्हणून सळई आम्ही तापवली, पेरे आम्ही जाळली. उजेडाकडे धरून पाहिले. गोल अख्खा होता.

"आबा, तिरपी गेली," आम्ही म्हणालो आणि नळी चुलीत सारली.

आबा बराच वेळ चुलीकडे पाहत राहिले. दुसरा वेळू आणा, असे काही म्हणाले नाहीत.