टाच आणि चवडा

१.
टॅप नाचाच्या बुटाच्या चवड्याखाली धातूची एक पट्टी, टाचेखाली दुसरी. स्क्रू जरा सैल केला की आवाज खुळखुळतो, आवळला की कोरडा पडतो. तबलजी हातोडीने तबला लावतो, तसे टॅप नर्तक स्क्रूड्रायव्हरने बूट लावतात.

२.
१७३९, साउथ कॅरोलिना. गुलामांचा उठाव. पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी. ताल हातापायांत उतरला.

३.
दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे बँड मोडले आणि टॅपवाल्यांचं काम गेलं. १९४९ साली टॅप नर्तक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन वारला. मग जेन गोल्डबर्ग, ब्रेंडा बुफालिनो यांच्यासारख्या बायका जुन्या नर्तकांकडे शिकल्या आणि त्यांना पुन्हा रंगमंचावर घेऊन आल्या. टॅप परत आलं म्हटलं की लोक सिनेमांची नावं घेतात. या बायकांची नावं आधी घ्यायला हवीत.

४.
हार्लेममधल्या टॅप नर्तकांच्या हूफर्स क्लबचा दंडक होता : दुसऱ्याची स्टेप उचला, पण जशीच्या तशी नाचू नका.

५.
'टॅप' (१९८९) या सिनेमातली म्हाताऱ्या नर्तकांची चढाओढ मी कितीदा पाहिली असेल. सँडमन सिम्स, बनी ब्रिग्ज, हॅरॉल्ड निकोलस, एकेक जण पुढे येतो. जिमी स्लाइड घसरत जातो. आता तोल जाणार असं वाटतं, आणि ठोका नेमका जागेवर पडतो. डोळे मिटून ऐकावं असं आहे ते. याच सिनेमात सेव्हियन ग्लोव्हर नावाचा पोरगेला मुलगा आहे. १९९६ साली ब्रॉडवेवरच्या 'ब्रिंग इन द नॉइज, ब्रिंग इन द फंक'च्या नृत्यरचनेसाठी त्याला टोनी पुरस्कार मिळाला. त्याचे गुरू हेच म्हातारे.

६.
टॅप नर्तक पेग लेग बेट्स. बाराव्या वर्षी सरकीच्या गिरणीत डावा पाय गेला. लाकडी पायाचा नाद वेगळा, बुटाचा वेगळा. तो दोन्ही वाजवायचा.

७.
२०२१ : अमेरिकेच्या टपाल खात्याची टॅपवर पाच तिकिटं. पाचांतल्या तीन बायका.

८.
'इंडिया जॅझ स्वीट्स', कथक आणि टॅपची जुगलबंदी. कथकचे पंडित चित्रेश दास तेव्हा साठीचे, अनवाणी, पायांत घुंगरू. टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ पंचविशीचा, पायांत बूट. सवाल-जवाब रंगायचे तेव्हा वयाचा हिशेब राहायचा नाही. दासांची ततकार, स्मिथचं उत्तर, त्यावर दासांची दुप्पट. आपल्याकडे ज्यांनी कथक ऐकलंय, त्यांना टॅप वेगळं शिकवावं लागत नाही.

९.
टॅप शिकायचं तर आधी लाकडी फळी मिळवा. काँक्रीटवर गुडघे जातात.