वाड्याचा ओळंबा

मंद्रूप, ८ डिसेंबर
भाच्यानं गल्लीतल्या जुन्या वाड्याचे फोटो काढून आणले. दरवाजा मागे रेललेला, दोन्हीकडच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे कललेल्या. "मामा, लेन्स खराब निघाली." लेन्स बरी आहे. बोळ अरुंद, वाडा उंच. माळवदाचा कठडा चौकटीत बसावा म्हणून यानं १८ मिमीवर कॅमेरा वर उचललेला. सेन्सर भिंतीला समांतर नसला की भिंतीचा वरचा भाग लांबचा ठरतो आणि लहान उमटतो. प्रत्यक्ष बघताना आपण ते मनातल्या मनात सावरून घेतो. फोटोच्या सरळ कडा मात्र चुगली करतात.

९ डिसेंबर
समोरच्या काकूंच्या माळवदावर चढलो. आधी वाळत घातलेल्या शेंगा गोळा करून द्याव्या लागल्या. तिथून कॅमेरा अजिबात न कलता ३५ मिमीवर फोटो घेतला. वाडा ताठ आला, १८ मिमीवर दिसणारा कडांचा फुगीरपणाही गेला.

१० डिसेंबर
पठ्ठ्यानं जुने फोटो संगणकावर ताणून सरळ केले, भिंती कडांना अगदी समांतर. आता वाडा वरून जड, अंगावर येतोय असा. शेजारचे गवंडीकाका बघायला आले आणि हसले. "ही भित्त अशी सरळ कुठं हाय ओ सर? खाली रुंद, वर निमुळती. मातीची भित्त तशीच बांधतेत." ओळंबा आणून कोपऱ्याशी सोडला. भिंत खरोखरच आत झुकलेली! कॅमेऱ्यानं वाकवलेलं आणि गवंड्यानं मुद्दाम तिरकं ठेवलेलं संगणकाला वेगळं ओळखता येत नाही. म्हणून ओळंब्याची दोरी फोटोत येऊ दिली. संगणकावर सरळ करायची ती दोरी. भिंत आपोआप हवी तेवढी तिरकी राहते.

१४ डिसेंबर
हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. इथं दुखणं निराळं. सावलीतला दगड निळसर येतो, कारण तिथं उजेड निळ्या आभाळाचा. व्हाइट बॅलन्स 'शेड'वर ठेवला, दगड दगडासारखा दिसला. फ्लॅश समोरून मारला की अक्षरं सपाट होतात. बॅटरी बाजूनं धरली तेव्हा तीच अक्षरं उठून आली.

१६ डिसेंबर
थॉमस बिग्जबद्दल वाचलं. १८५५ मध्ये मुंबई सरकारनं त्याला इमारतींचे फोटो काढायला नेमलं. त्याची विजापूरची छायाचित्रं १८६६ मध्ये ग्रंथरूपानं आली. जुन्या पेटी-कॅमेऱ्यांत कॅमेरा न कलता नुसती लेन्स वर सरकवता येई. आज तशी लेन्स घ्यायची तर भाच्याचा कॅमेरा विकूनही भागणार नाही.

भाच्याला आता विजापूरचा गोलघुमट काढायचाय. तिकडचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो. पण तिथं फार मागे सरकलं की समोरचा नगारखाना, म्हणजे हल्लीचं संग्रहालय, आड येतो.