कर्जखताचे वाचन

मराठीच्या प्राध्यापकांनी पैशांविषयी लिहू नये असा नियम नाही, पण तसा संकेत मात्र आहे. दारिद्र्य, सावकारी, गहाणखते, जप्ती हे सारे आमच्या अभ्यासक्रमात पावलोपावली येते आणि आम्ही ते तन्मयतेने शिकवतो. परंतु ते नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी असते: शेतकऱ्याचे, विणकराचे, गिरणीकामगाराचे. वेतन आयोगाचे वेतन घेणाऱ्या, कात्रजला स्वतःच्या सदनिकेत राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या दोन प्राध्यापकांच्या कर्जाला साहित्यात जागा नाही. ते करुण नाही आणि हास्यास्पद म्हणावे इतके लहानही नाही. म्हणूनच आम्ही ते बरीच वर्षे कोणाला सांगितले नाही; एकमेकांनाही पुरते सांगितले नाही.

आमच्या गच्चीतून कात्रजचा तलाव दिसतो. अर्थात पूर्ण नव्हे, दोन इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढा. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवून घेतला आणि भूमिगत नळाने त्याचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत व शहरातल्या हौदांपर्यंत नेले. पाहुण्यांना आम्ही ही माहिती हौसेने सांगत असू. त्याच नानासाहेबांमागे राज्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला होता आणि १७७२ साली थेऊरला अंथरुणाला खिळलेल्या माधवरावांनी अखेरची म्हणून जी नऊ कलमे लिहवून ठेवली, त्यांत कर्ज फेडण्याचेही कलम होते, हे मात्र सांगत नसू. पाणी दिसते, कर्ज दिसत नाही. आमच्या घरातही सदनिका, मोटार, पुस्तकांनी भरलेल्या भिंती एवढेच येणाऱ्याला दिसत होते.

हे कर्ज एका दिवसात झाले नाही आणि त्याला कोणी खलनायकही नाही. २०१८ मध्ये आम्ही ५२ लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी घेतले; हप्ता ४५,४५० रुपयांचा. घराच्या किमतीतला आपला वाटा म्हणून जी रक्कम भरायची असते, ती पतसंस्थेतून काढली. म्हणजे कर्ज मिळवण्यासाठी कर्ज घेतले. त्या वेळी हे आम्हांला विपरीत वाटले नाही, कारण स्टाफरूममधल्या प्रत्येकाने तसेच केले होते. मग मोटार. २०२० साली मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने हप्ते स्थगित ठेवण्याची मुभा मिळाली. आमचे पगार चालू होते, तरीही आम्ही ती घेतली. त्या सहा महिन्यांत पगारवाढ झाल्यासारखे वाटत होते आणि ती आम्ही दोन लॅपटॉपांत, पुस्तकांच्या नव्या कपाटांत आणि काही इतक्या क्षुल्लक गोष्टींत खर्च केली की आता त्यांची नावेही आठवत नाहीत. थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसले, सुमारे दोन लाख. पुढच्याच वर्षी घरातल्या ज्येष्ठाचे दीर्घ आजारपण आले आणि १२ लाखांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे लागले. या एका कर्जाबद्दल आम्हांला आजही पश्चात्ताप नाही. बाकीची होती म्हणून ते इतके जड झाले, एवढेच.

पगारदार माणसाच्या कर्जाचे वैशिष्ट्य असे की, ते मागावे लागत नाही. दूरध्वनी येतो, गोड आवाजात आपले नाव घेतले जाते, दोन पगारपत्रके पाठवली की काम झाले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यांना आपले खत कोणाच्या कपाटात आहे ते ठाऊक होते. आमचे खत आमच्याच ईमेलमध्ये होते आणि आम्ही ते उघडत नव्हतो.

उघडले ते २०२३ च्या मार्चमध्ये, तेही वर्गातल्या एका प्रश्नामुळे. द्वितीय वर्षाच्या तासाला तुकोबांचे चरित्र चालू होते. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवल्याचा प्रसंग आम्ही नेहमीप्रमाणे वैराग्याचा आरंभ म्हणून सांगितला: अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची डोहात टाकली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण ती खतं लोकांनी त्यांचं देणं असल्याची होती ना? मग ज्यांची बुडाली त्यांना काय वाटलं असेल?" इतकी वर्षे हा प्रसंग शिकवताना आम्ही नदीच्या काठावर बुडवणाऱ्याच्या बाजूला उभे होतो. ज्याचे नाव त्या कागदावर होते, तो कुणबी आम्हांला कधी दिसलाच नव्हता. त्या मुलीच्या घरी काय चालले होते ते आम्हांला ठाऊक नाही. आम्ही काहीतरी उत्तर दिले, ते समाधानकारक नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही गृहकर्जाचे विवरणपत्र उघडले. शेवटच्या हप्त्याची तारीख होती जानेवारी २०४१. आधी आम्हांला तो छापण्यातला दोष वाटला. तो नव्हता. २०२२ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवत नेला होता, ४ टक्क्यांवरून २०२३ च्या फेब्रुवारीत साडेसहापर्यंत. आमचे कर्ज तरत्या व्याजदराचे. हप्ता तेवढाच राहिला, म्हणून आम्हांला काही जाणवले नाही. वाढली होती ती मुदत. दर साडेनऊच्या घरात गेल्यावर ४५,४५० पैकी सुमारे ३७ हजार व्याजात जात होते. आम्ही दोघेही २०३७ मध्ये साठीला निवृत्त होणार. २००५ च्या नोव्हेंबरपासून नव्याने लागणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले आणि आम्ही रुजू झालो २००८ साली. म्हणजे पगार थांबल्यानंतरची साडेतीन वर्षे हप्ता कोठून भरायचा, याचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

मग एक शंभरपानी वही घेतली आणि एका पानावर सगळी देणी लिहिली. गृहकर्ज ४५,४५०. पतसंस्थेची दोन कर्जे, १८,००० आणि १४,०००. वैयक्तिक कर्ज २७,६००. मोटार १३,८००. क्रेडिट कार्ड. इथवर आल्यावर पेन थांबले. आमच्यापैकी एकाजवळ आणखी एक कार्ड होते, दुसऱ्याला ठाऊक नसलेले. गावाकडच्या भावाच्या विहिरीच्या कामाला त्यातून पैसे गेले होते. आणि दुसऱ्याने आईच्या पाटल्या सोनेतारण ठेवून १ लाख १० हजार उचलले होते, मुलीचे शुल्क भरण्यासाठी. कोणाचे कोणते, हे सांगण्याची इथे आवश्यकता नाही. त्या रात्री दोघांनाही ते सारखेच लागले. जी दोन माणसे एकमेकांचे शोधनिबंध अल्पविरामासकट तपासतात, त्यांनी एकमेकांपासून इतकी साधी गोष्ट लपवावी! पहाटे दोनपर्यंत जे बोलणे झाले ते लिहिण्याजोगे नाही. त्यातले एकच वाक्य नोंदवतो: "तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस, म्हणूनच सांगितलं नाही."

बेरीज झाली १,३३,३५०. सोनेतारणाचे व्याज वेगळे. दोघांचे मिळून हातात येणारे वेतन २ लाख १० हजार.

यापुढचा भाग कंटाळवाणा आहे, परंतु तोच उपयोगाचा ठरला, म्हणून थोडा सांगतो. कार्डांची एकूण थकबाकी होती २ लाख ९० हजार. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १०,१५०. त्यावर अठरा टक्के जीएसटी, १,८२७. आम्ही दरमहा 'किमान देय रक्कम' म्हणून १४,५०० भरत होतो आणि आपण नियमित फेड करतो असे समजत होतो. प्रत्यक्षात मुद्दल अडीच हजारांनी कमी होत होते. त्याच वेळी मुलीच्या नावाने तीन लाखांची मुदत ठेव होती, साडेपाच टक्क्यांची. वर्षाला १६,५०० रुपये मिळवण्यासाठी आम्ही सव्वा लाखाच्या आसपास व्याज भरत होतो. हे गणित सातवीचे आहे. ते न करण्यामागे गणित नव्हते. 'मुलीची ठेव मोडली' हे वाक्य उच्चारण्याची लाज होती. ठेव मोडली, कार्डे फेडली, कात्रीने कापली. मुलगी म्हणाली, "माझ्या नावाचं होतं ते, मला विचारायला हवं होतंत." तिचे बरोबर होते. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी वही उघडताना तीही बसते.

मोटार विकली, आलेल्या किमतीत तिचे कर्ज जेमतेम फिटले. कात्रज-स्वारगेट हा रस्ता २००६ साली बीआरटीच्या प्रयोगासाठी निवडला गेला होता आणि आम्ही तेव्हा त्याच्यावर पुष्कळ विनोद केले होते. आता त्याच रस्त्याने पीएमपीच्या बसने जातो. गर्दी असते, उशीर होतो, कधी कधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसायला मिळते.

वहीत आम्ही सर्वाधिक व्याजाचे कर्ज आधी आणि स्वस्त कर्ज शेवटी असा क्रम लावला. काही जण लहान कर्ज आधी संपवावे म्हणतात, हुरूप येतो म्हणून. आम्ही हा नियम एकदाच मोडला, पाटल्यांसाठी. आईने विचारले नव्हते, पण गौरीच्या सणाला त्या बाहेर निघतात.

वहीने आम्हांला शिकवलेली खरी गोष्ट वेगळीच होती. आमची कर्जे मुख्यतः 'अचानक' आलेल्या खर्चांतून वाढली, असे आम्ही समजत होतो. मागच्या तीन वर्षांचे हे अचानक खर्च लिहून काढले, तर त्यांत निघाले: दिवाळी, विम्याचा हप्ता, महाविद्यालयाचे शुल्क, आहेर, मिळकत कर, गावचा उरूस. यातले अचानक काय होते? दिवाळी तर बहुधा पूर्वसूचना देऊन येते. या सर्वांची वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागले आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकू लागलो. ऑक्टोबरमध्ये हात पसरावे लागले नाहीत, असे ते आमच्या संसारातले पहिले वर्ष.

सर्वांत कठीण गेले ते पुस्तकांचे कलम. महिन्याला पाचशे. अप्पा बळवंत चौकातून रिकाम्या हाताने परतणे हे आम्हांला उपासापेक्षा अवघड वाटते. पण हेही कबूल केले पाहिजे की, ग्रंथालयातून आणलेली पुस्तके आम्ही वाचतो. विकत आणलेली बरीचशी नुसती जवळ असत.

वैयक्तिक कर्ज २०२५ च्या आरंभी मुदतीपूर्वी संपले. त्या वर्षी रेपो दर उतरू लागला, तेव्हा आम्ही बँकेला लेखी कळवले की हप्ता कमी करू नये, उलट ६२ हजार करावा. खिडकीवरच्या तरुणाने दोनदा विचारले, "सर, वाढवायचाय?" या हिशेबाने शेवटचा हप्ता २०३३ च्या अखेरीस येतो. दर पुन्हा चढला तर हे बदलेल. वहीत ती तारीख आम्ही पेन्सिलने लिहिली आहे.

एक गोष्ट मात्र वहीत कोठे लिहावी ते कळलेले नाही. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात; कर्जदाराने हप्ते थकवले की त्यांच्या पगारातून कपात होते. आमच्या कर्जाच्या वेळी दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी फॉर्मवर नजरही न टाकता सही केली होती. गेल्या वर्षी इतिहास विभागातले एक सहकारी आमच्याकडे तोच फॉर्म घेऊन आले. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना कर्ज हवे होते. आम्ही चहा दिला, वहीतले पान उघडून दाखवले आणि नाही म्हणालो. हिशेबाने ते योग्य होते. त्यांनी पान पुरते वाचले, "समजलं, मॅडम," म्हणाले आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. सह्या त्यांना दुसरीकडे मिळाल्या. स्टाफरूममध्ये अजूनही बोलतात, पूर्वीसारखेच. फक्त आमच्या टेबलाशी येऊन बसत नाहीत.

आता आमच्या जामीनदारांपैकी एक येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. पतसंस्थेचे पत्र आले आहे: बदली जामीनदार द्यावा, अथवा ते कर्ज पूर्ण फेडावे. शिल्लक १ लाख ४० हजार. दरमहा १८ हजार भरत गेलो तर मेपर्यंत फिटत नाही. मुलीच्या प्रवासाचे आणि दिवाळीचे पैसे वळवले तर कदाचित फिटेल. सहीसाठी कोणाला विचारावे, म्हणून आम्ही स्टाफची यादी समोर घेतली. बरेच जण आधीच कोणाचे ना कोणाचे जामीनदार आहेत. इतिहास विभागातल्या त्या सहकाऱ्यांच्या नावापुढे मात्र जागा मोकळी आहे. या रविवारी वही उघडली तेव्हा मुलीने ते नाव वाचले आणि विचारले, "यांना विचारणार?" आम्ही मे महिन्याचे पान काढले आणि दिवाळीच्या आकड्यापासून पुन्हा बेरीज करायला घेतली.