मेसेलच्या खाणींतील दोन पायांचा प्राणी

जर्मनींतील डार्मस्टाट शहराजवळ मेसेल नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील प्रसिद्ध खाण पाहण्यास आम्ही गेलों, तेव्हां प्रथमदर्शनीं दिसला तो झाडाझुडपांनीं वेढलेला एक विस्तीर्ण खड्डा. परंतु सुमारें ४ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखीच्या स्फोटानें झालेलें खोल सरोवर होतें व भोंवतीं घनदाट अरण्य. सरोवराच्या तळाशीं प्राणवायु नसल्यामुळें बुडालेलीं कलेवरें अखंड राहून गाळांत दबलीं. तोच गाळ पुढें तेलयुक्त शिळा झाला.

येथें सांपडलेल्या लेप्टिक्टिडियम नामक प्राण्याचा सांगाडा वाचकांनीं अवश्य पाहावा. त्याच्या सर्वांत मोठ्या जातीची लांबी सुमारें तीन फूट. त्यांतही निम्म्याहून अधिक शेपूटच! पुढचे पाय आखूड व मागचे लांब, यावरून तो दोन पायांवर चाले आणि शेपटीनें तोल सांवरी, असें अनुमान निघतें. मुखाच्या हाडांवर स्नायूंच्या खुणा आहेत. त्यांवरून त्याला चिचुंद्रीसारखें लांब, हलतें नाक असावें असें दिसतें. पोटाच्या जागीं किडे, सरडे व लहान सस्तन प्राणी यांचे अवशेष मिळाले. तेव्हां त्याच्या आहाराविषयीं तर्क करण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

मात्र तो उड्या मारी कीं धांवे, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पायांचें प्रमाण उड्या मारणाऱ्या प्राण्यांसारखें आहे. उलट कंबर व कणा यांचा सांधा उडीचा धक्का सोसण्याइतका बळकट नाहीं. एकच सांगाडा दोन साक्षी देतो, आणि त्यांचा मेळ घालण्यास आणखी सांगाडे तपासणें हाच मार्ग आहे.

ते सांगाडे कायमचे दृष्टिआड होण्याची वेळ आली होती, हें आज कित्येकांस ठाऊकहि नसेल. १९७१ च्या सुमारास येथील खोदकाम थांबलें आणि या खड्ड्यांत शहरांतील केरकचरा टाकण्याचें ठरलें. स्थानिक रहिवासी व शास्त्रज्ञ यांनीं सुमारें वीस वर्षें नेटानें विरोध केला, म्हणून तो बेत रद्द झाला. १९९५ सालीं युनेस्कोनें या स्थळास जागतिक वारशाचा मान दिला. त्या लोकांनीं हात टेकले असते, तर लेप्टिक्टिडियम कसा चाले हा वाद मिटला नसता. तो सोडविण्याचें साधन मात्र कचऱ्याखालीं गेलें असतें.