खळ

जगातील यच्चयावत् पदार्थांच्या ठायी परस्परांविषयी एक सूक्ष्म ओढ निसर्गानेच ठेवून दिलेली असताना एकावर एक ठेवलेले दोन कागद एकजीव का होत नाहीत, या प्रश्नाचे रसायनशास्त्राने दिलेले उत्तर मला काव्याइतकेच मोहवीत आले आहे. योहानेस व्हान डेर वाल्स या डच पदार्थवैज्ञानिकाच्या नावाने (१९१० चे नोबेल पारितोषिक त्याचेच) ओळखली जाणारी ही रेणूरेणूंमधील ओढ सर्वत्र आहे खरी, पण तिचा अंमल अवघ्या काही नॅनोमीटरांपुरता चालतो. आणि बोटांना गुळगुळीत भासणारा कागदही त्या मापाने पाहिला तर केवळ डोंगरदऱ्यांचा मुलूख असल्यामुळे, दोन कागदांची खरी भेट होते ती तुरळक शिखरांवर, बाकीचा सारा प्रदेश त्या ओढीच्या टप्प्याबाहेरच राहतो.

म्हणूनच जोडणाऱ्या पदार्थाला आधी द्रव होऊन त्या दऱ्याखोऱ्यांत उतरावे लागते आणि मग तेथेच घट्ट व्हावे लागते. ज्या पृष्ठावर द्रव पसरत नाही, थेंबाथेंबांनी अंग आखडून उभा राहतो, तेथे उत्तमोत्तम गोंदही हात टेकतो. टेफ्लॉनला काही चिकटत नाही ते याचमुळे.

जनावरांच्या कातड्याहाडांतून काढलेला सुताराचा सरस, लाखोट्यावरची लाख, बाभळीचा डिंक, हे सारे मोठ्या घराण्यातले. पण माझा जीव जडला आहे तो गरीब खळीवर. गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवलेला मैदा मंद आचेवर ढवळीत राहावे, आणि उष्णतामान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगू लागतात, त्यांतील लांबलचक साखळ्या सुटून पाण्यात उतरतात, आणि दुधासारखे पांढरे पाणी पाहता पाहता दाट, किंचित पारदर्शक होते. आता नवल असे की पिष्ट आणि कागदाचा सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्यांचे बनलेले, केवळ जोडणीची तऱ्हा निराळी. म्हणून खळ कागदाला भेटते ती सगोत्राला भेटल्यासारखी, आणि पाणी उडून जाताच दोघांमध्ये असंख्य हायड्रोजन-बंध जुळून येतात. जुजबंदी करणारा कसबी बांधणीकार खळीचा हात पातळच फिरवतो, कारण जाड थर वाळताना आकसतो आणि पुठ्ठा वाकवतो. कसर आणि झुरळे लागू नयेत म्हणून तो खळीत चिमूटभर मोरचूद टाकतो. जुन्या दस्तऐवजाच्या दुरुस्तीत मात्र ते वर्ज्य मानावे, कारण त्यातील तांबे कागदाच्या तंतूंचा क्षय वाढवते.

खळीचा जो गुण मला सर्वांत थोर वाटतो, तो तिच्या दौर्बल्यात मोडावा असा आहे: ओलावा मिळाला की ती सुटते. दफ्तरखान्यातील जीर्ण कागद जपणाऱ्यांनी जगभर तिलाच पसंती दिली ती याच कारणाने, की आज लावलेली पट्टी उद्याच्या अधिक जाणत्या हाताला अलगद काढता यावी. याउलट १९३० साली अमेरिकेत रिचर्ड ड्रू याने घडवलेली सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टी फाटलेल्या पानावर क्षणात बसते, पण तिच्यातील रबर आणि राळ हवेतील प्राणवायूने पिवळी पडत, तंतूंत झिरपत, शेवटी अशी मुरते की वरची पट्टी गळून पडली तरी डाग राहतो, आणि तो काढायला रासायनिक द्रावके वापरावीत तर शाईलाच धोका.

ज्यांच्या घरी मोडीतले खरेदीखत किंवा पोथीचे सुटे पान असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घाईने चिकटपट्टी लावू नये. त्या मजकुराची काळी शाई बहुधा काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली असते, म्हणजे ती अक्षरेही डिंकाच्याच आधाराने टिकलेली, पाण्याला भिणारी. तेव्हा पातळ कागदाची पट्टी कातरीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे तिचे तंतू मोकळे राहून कड बेमालूम मिसळते, आणि पानाच्या मागील कोऱ्या बाजूने, निथळलेल्या कुंचल्याने, खळीचा अगदी जुजबी हात देऊन, टिपकागद व वजन ठेवून ती सावकाश वाळू द्यावी.