बारावी खुर्ची

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या जातात, हे आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. धर्मगुरू वरचे पूजावस्त्र उतरवून ठेवतो, कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि बारा जणांचे पाय धुतो. पाय म्हणजे खरे तर एकच पाय, आणि तोही बहुधा उजवा. शिवाय निवडलेली मंडळी घरूनच पाय घासून, नखे काढून आलेली असतात. आमच्या वाट्याला इतक्या वर्षांत मळलेला असा एकही पाय आलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी याच विधीवरून एक तरुण आमच्याशी वाद घालण्यास आला. एके काळचा वेदीसेवक. आता शहरातल्या एका नव्या प्रार्थनामंडळीत जातो. त्याने योहानकृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून आमच्यापुढे ठेवला. म्हणाला, "फादर, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांनीही एकमेकांचे पाय धुवावेत असे स्पष्ट सांगितले. तुम्ही हे वर्षातून एकदा करता, आणि तुमच्या मिस्साग्रंथात तेही ऐच्छिक! धूप, मेणबत्त्या, मिरवणुका यांत मात्र खंड पडत नाही. आज्ञा मोठी की परंपरा?" मानवी परंपरेसाठी देवाची आज्ञा बाजूला सारणाऱ्या परुश्यांना प्रभूने कसे खडसावले, तो मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्यायही त्याने काढून ठेवला होता.

सेमिनरीत आम्ही जे शिकलो ते अशा वेळी कामास येते. आम्ही त्याला सांगितले, हा प्रश्न तुझ्या मंडळीने शोधून काढलेला नाही. चौथ्या शतकात मिलान येथे संत अँब्रोज नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांचे पाय धुण्याचा विधी करीत. रोमच्या ख्रिस्तसभेत ही चाल नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी ती सोडली नाही. उलट त्याच शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथील धर्मपरिषदेने बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे पाय धर्मगुरूंनी धुऊ नयेत असा नियम केला. बायबल तेच, आज्ञा तीच; एका ठिकाणी विधी झाला, दुसऱ्या ठिकाणी मनाई. तेव्हा प्रभूच्या शब्दाचा अर्थ ठरविताना ख्रिस्तसभेला विचार करावाच लागतो, आणि त्या विचारालाच आपण परंपरा म्हणतो.

मग आम्ही त्याच्यावरच प्रश्न उलटविला. तुझी मंडळी रविवारी जमते. शब्बाथ शनिवारवरून रविवारवर न्यावा अशी आज्ञा बायबलमध्ये कोठे आहे, दाखव. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी मस्तक झाकावे असे आहे. आपल्या आया-आज्या डोईवर पदर घेऊन मिस्साला बसत. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत तसा नियमच होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. तुझी पत्नी प्रार्थनेला डोके झाकून बसते काय? तो निरुत्तर झाला, चहा घेऊन निघून गेला. आम्ही वाद जिंकला होता आणि त्या जिंकण्याचा थोडा आनंदही झाला होता, हे कबूल करावयास हवे.

त्या रात्री मात्र २०१० सालचा पवित्र गुरुवार आठवला आणि झोप लागली नाही.

तेव्हा आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात होतो. बारा जणांची यादी आम्ही स्वतः केली होती. पॅरिश कौन्सिलचे सभासद, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, देवळाच्या नव्या छपरासाठी सढळ हाताने देणगी देणारे दोघे. यादी अशी सहज भरत असते. ऐन वेळी एकाला ताप आला आणि बारावी खुर्ची रिकामी राहिली. पहिल्याच बाकावर देवळाचे आवार झाडणाऱ्या एक विधवा मावशी बसल्या होत्या. सॅक्रिस्टनने त्यांना हाताने खूण केली. त्या अर्ध्या उठल्यादेखील. आम्ही मान हलवून नाही म्हटले. मिस्साग्रंथात 'निवडलेले पुरुष' असा स्पष्ट शब्द होता. मावशी खाली बसल्या, पदर सारखा केला. आम्ही अकरा पाय धुतले आणि मिस्सा पुढे चालू ठेवली.

विधी आटोपल्यावर त्या नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आल्या, घमेले आणि टॉवेल नळाखाली घेऊन बसल्या. "फादर, एक कोराच राहिला," असे म्हणून त्यांनी बारावा टॉवेल घडी घालून आमच्या हाती दिला. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

२०१४ साली मावशी वारल्या. मयताच्या मिस्साला प्रवचनाची तयारी करताना पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे आला. मंडळीच्या यादीत कोणत्या विधवेचे नाव घ्यावे हे तेथे सांगितले आहे. तिने मुलांचे संगोपन केलेले असावे, पाहुण्यांचे आदरातिथ्य केलेले असावे आणि पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत! हे पत्र आम्ही सेमिनरीत परीक्षेसाठी वाचले होते. मावशींनी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे पाय आठ वर्षे धुतले होते, तेही धर्मग्रामात सर्वांना ठाऊक होते. त्या दिवशी प्रवचनात आम्ही ते वचन सांगितले. २०१० ची गोष्ट सांगितली नाही.

पुढे ६ जानेवारी २०१६ च्या आदेशाने पोप फ्रान्सिस यांनी 'पुरुष' हा शब्द काढला आणि देवाच्या प्रजेतील कोणालाही निवडण्यास मोकळीक दिली. त्यांनी स्वतः २०१३ सालीच रोममधील किशोर बंदीगृहात मुलींचेही पाय धुतले होते. आम्ही त्याच वर्षी यादीत सहा स्त्रिया घेतल्या, तेव्हा काही ज्येष्ठ मंडळी परंपरा मोडली म्हणून रागावली. गंमत अशी की धर्मग्रामातल्या गुरुवारच्या सायंमिस्सात हा विधी आला तो पोप बारावे पायस यांच्या १९५५ च्या सुधारणेमुळे. त्याआधी तो मिस्साच्या बाहेर, मुख्यतः कॅथेड्रलांत आणि मठांत होत असे. रागावलेल्यांपैकी दोघे-तिघे या परंपरेहून वयाने मोठे होते!

हे आम्ही त्यांना ऐकविले नाही. कारण २०१० साली नियमाने आमचे हात बांधलेले होते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या नियमाच्या आडोशाला आम्हांला बरे वाटले होते. शाळेचे मुख्याध्यापक, देणगीदार आणि त्यांच्या पंक्तीला झाडूवाली, हे दृश्य टळले. अकरा पुरुष आम्हीच निवडले होते आणि त्यांत बागायतीत मजुरी करणारा एकही नव्हता. पुरुष कोणते निवडावेत याबद्दल ग्रंथात एक अक्षरही नव्हते. त्या तरुणाच्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. अँब्रोजही खरे, रविवारही खरा. पण तो आज्ञा आणि परंपरा यांबद्दल विचारीत होता, आणि आमच्या यादीत दोन्हींपैकी काहीच नव्हते.

अलीकडे यादी आम्ही करीत नाही. वाड्यावाड्यांतून नावे येतात. गेल्या वर्षी एक वीटभट्टीवरचा मजूर आला होता. त्यानेही पाय घासूनच आणले होते.

आणि या धर्मग्रामात टॉवेल कोण धुते, याची आम्ही चौकशी केली. दोन बाया धुतात. कधीपासून ते त्यांनाही सांगता येईना. गेल्या गुरुवारी मिस्सा संपल्यावर आम्ही मागच्या नळावर गेलो. "फादर, तुम्ही कशाला?" म्हणत त्यांनी जागा करून दिली. दोन टॉवेल पिळून झाले, तोच आराधनेला मंडळी खोळंबली आहे असा निरोप घेऊन वेदीसेवक धावत आला. उरलेले दहा त्यांनीच पिळले.